चार बोटं पाप

आमच्या गल्लीतली घरं पापाने खचू लागली, आणि ते बघायला एवढी गर्दी लोटली की पुण्यवानांना उभं राहायला जागा उरली नाही.

गल्लीच्या तोंडाशी समतोलबाबांचा मठ. त्याच्या दारात तिपाईवर मोजणीदाराची दुर्बीण आणि प्रत्येक उंबऱ्यावर पाळीपाळीने उभी केलेली आकड्यांची पट्टी. गल्ली बांधली तेव्हा सगळे उंबरे एकाच पातळीत घेतले होते. आता दुर्बीण सांगत होती की मठाशेजारचा शिंपी नखभर खचलाय, मधला न्हावी दोन बोटं, आणि शेवटच्या घरातली माझी मावशी चक्क चार बोटं.

"जो माझ्यापासून दूर, तो रसातळाला," बाबा म्हणाले. "हिचं घर सगळ्यांना घेऊन बुडेल. आजच रिकामं करून जागा मठाला द्या. मी तिथे बसून जमीन धरून ठेवीन."

बाबांचा देह बघता जमीन दबण्याचीच शक्यता अधिक होती. पण हे मी मनातच म्हणालो, कारण तोवर चौघांनी मावशीचं कपाट रस्त्यावर आणलं होतं.

"अरे, भिंतीला एक तडा नाही," मावशी म्हणत होती. "घर काय लिफ्टने खाली गेलं?"

तेवढ्यात तिची मुलगी आली. ही माझी मावसबहीण तंत्रनिकेतनात जमीनमोजणी शिकवते. तिने मोजणीदाराला विचारलं, "दादा, ही दुर्बीण शेवटची कधी तपासली?"

"तपासायची कशाला, ताई? बाबा स्वतः फुंकर मारतात तिच्यावर. आणि पातळीच्या नळीतला बुडबुडा बघा ना, मधोमध आहे."

"तो तिपाईची हमी देतो, दुर्बिणीच्या नजरेची नाही. उचला, गल्लीच्या मध्यावर लावू."

"यंत्र माझ्या पायाशीच राहील," बाबा म्हणाले.

"का? मध्यावरून पाप दिसत नाही?"

"लावू द्या की," शिंपी म्हणाला. नखभर पाप त्यालाही टोचत असावं.

टेपने दोन्हीकडचं अंतर सारखं धरून तिने दुर्बीण लावली. मठाचा आणि मावशीचा, दोन्ही उंबरे तंतोतंत एका पातळीत निघाले. मग तिने दुर्बीण मावशीच्या दारात नेली आणि न्हाव्याला आकडे वाचायला लावले. तो बराच वेळ डोळा लावून होता.

"आता मठ चार बोटं खाली गेलाय," तो म्हणाला.

गर्दीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नकळत स्वतःच्या पायाखाली पाहिलं.

"यंत्राला बाधा झाली."

"मग ती सकाळीही झालेली होती," बहीण म्हणाली. "दुर्बिणीची नजर आडवी हवी, ही किंचित वर चढलीय. जितकं लांब बघाल, तितका पट्टीवरचा वरचा आकडा दिसतो, जणू पट्टीच खाली गेलीय, आणि ती जागा खचल्यासारखी वाटते. मध्यावरून दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून वजाबाकीत निघून जाते."

मोजणीदार डोकं खाजवत म्हणाला, "परवा फुंकर मारताना बाबा शालीखालून एक स्क्रू पिळत होते खरे. मला वाटलं, आशीर्वाद देतायत."

बाबा ध्यानासाठी आत गेले आणि दाराला आतून कडी लावली. ज्या चौघांनी कपाट बाहेर काढलं, त्यांनीच ते आत नेलं. मावशी मागून सांगत होती, "सरळ धरा रे, पातळीत."

एवढंच सांगायचंय. तुमचं घर खचलंय असं कोणी म्हणालं, तर कपाट उचलण्याआधी त्याची दुर्बीण तपासा. आणि तो तपासू देत नसेल, तर कपाट आहे तिथेच राहू द्या.