मागच्या चाकाचा शॉकप

कळंबजवळच्या आपल्या रिसॉर्टच्या पडवीत योगेंद्रशेठनी दोन नव्या सायकली उभ्या केल्या आणि धोंडीला म्हणाले, "निवड रं. यातली एक तुझी."

धोंडी वरच्या वाडीतला. गेली सहा वर्षं तो मुंबईच्या पाहुण्यांना सायकलवरून डोंगर दाखवत होता. पुढे धोंडी, मागे हेल्मेटवाल्यांची माळ. उतरून आल्यावर पाहुणे त्याच्या पाठीवर थाप मारत, 'लय भारी' म्हणत. आणि नेमकी तीच पाठ दिवाळीपासून त्याला धड उभं राहू देत नव्हती. कंबरेतून निघालेली कळ पार डाव्या टाचेपर्यंत जायची.

हे फक्त त्याच्या बायकोला, येसूबाईला ठाऊक होतं. तिसऱ्याला कळता कामा नये, असं दोघांनी ठरवूनच टाकलं होतं. गेल्या वर्षी त्याच्या जोडीदाराने, पदूने, गुडघा दुखतो म्हणून भोळेपणाने सांगितलं होतं. शेठ मायेनं म्हणाले, "आराम कर." त्या मायेला वर्ष झालं, पदूला अजून बोलावणं नाही. गरिबाला आरामाइतकं महाग दुखणं नसतं.

सायकलींपैकी एक हार्डटेल होती. शॉकप फक्त पुढच्या चाकाला, मागे नुसता कडक सांगाडा. दगडाचा दणका थेट कंबरेत. दुसरीला मागच्या चाकालाही शॉकप होता. धोंडीने तिची सीट तळव्याने दाबली. सीट हळूच खाली गेली, हळूच वर आली. हिच्यावर अजून पाच वर्षं सहज निघतील, असं त्याला वाटलं.

पण ती मागायची म्हणजे दुखणं उघडं करायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"ही जड हाय, शेठ," तो म्हणाला. "चढावर दम काढल. आपल्याला हार्डटेलच बरी."

"अरं, बसून तर बघ."

"कशाला? माजी कंबर काय मोडली काय?" धोंडी मोठ्याने हसला.

शेठनी सुटकेचा सुस्कारा सोडला. "सुटलो बाबा! दिवाळीपासून बघतोय, तू झाडाला धरून सायकलवरनं उतरतोस. वाटलं, याची पाठ गेली. पदूला घालवला ते चुकलंच माझं, म्हटलं पुन्यांदा तसं नको. म्हणून ही खास तुझ्यासाठी मागवली होती. पाठ ठणठणीत हाय तर परत धाडतो. आणि शनिवारी तुला एकाच्या दोन फेऱ्या लावतो. जमल ना?"

खरं बोलायला धोंडीने तोंड उघडलंसुद्धा. पण मघाचं सगळं खोटं होतं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? खोटं बोलणाऱ्याच्या मागे शेठ पाहुणे तरी धाडतील का?

"जमल की," तो म्हणाला. शेठ लगेच दुकानदाराला फोन करायला आत गेले.

संध्याकाळी वाडीत येसूबाईने विचारलं, "कंची दिली शेठनी?"

"मी मागितली ती," धोंडी म्हणाला. चपला काढता काढता म्हणाला, "शेठ मनाचा चांगला हाय गं." आणि मग त्याला रडू आवरेना.