बावीस थरांचं झाकण

जानकीने रुमालाची गाठ सोडली आणि हिरव्या काचेचे दोन तुकडे ल्युसीच्या डब्याशेजारी ठेवले. बोटाने सरकवून तिने ते एकमेकांना जुळवले. बांगडीचा गोल जवळजवळ पुरा झाला. एका जागी तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली.

ल्युसीने तोंडातला घास गिळला.

"कधी फुटली?"

"फुटली म्हणू नका हो, ल्युसीबाय. वाढली म्हणायचं."

"बरं, वाढली. कधी?"

"गुरुवारी. घरी जाऊन पट्टी सोडली, तेव्हा हे दोन खाली पडले. तिसरा नाहीच सापडला. सगळं घर झाडलं, साडी झटकली."

ल्युसीने मान वळवून कपाटाकडे पाहिलं. आत गुरुवारीच केलेलं काळंभोर झाकण उभं होतं.

मरोळच्या या शेडमध्ये विमानाचं इंजिन बनतं असं सांगितलं, की असल्फ्यातल्या जानकीच्या शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यात त्यांची तरी काय चूक? बाहेर पत्र्याचं फाटक आणि आत पंखासुद्धा एकच. पण इंजिन खरंच बनत होतं, दोन माणसांच्या छोट्या विमानासाठी. त्यात पिस्टन वरखाली होत नसे, एक तिकोनी चाक गरगर फिरे. त्या चाकाच्या दोन्ही अंगांना झाकणं. ॲल्युमिनियमचं झाकण तीन किलोच्या वर भरायचं. चंद्रप्रकाश साहेबांना तेच सव्वा किलोत हवं होतं. त्यासाठी कार्बनचं काळं कापड, राळेत भिजवलेलं, एकावर एक बावीस थर, मग भट्टी. अकरा महिन्यांत तीन झाकणं भट्टीतच तडकली होती. हे चौथं धड निघालं होतं. सोमवारी बाहेरची माणसं बघायला येणार होती आणि इंजिन त्यांच्यासमोर चालणार होतं.

ते चालवणार होता हेन्री, ल्युसीचा धाकटा भाऊ. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. इंजिन सुरू झालं, की सगळे भिंतीआड जायचे. हेन्री मात्र तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा बाजूच्या चौकटीवर तळवा टेकून उभा राहायचा. थरथर हाताला जेवढी कळते तेवढी काट्याला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. ल्युसीने त्याला शंभरदा शिव्या घातल्या होत्या.

थर लावताना हातात काही घालायचं नाही, हा नियम; थरांत कणभर काही अडकलं, तर तिथे ते चिकटत नाहीत आणि इंजिन फिरताना झाकण फुटू शकतं. पण जानकीला सातवा लागला होता. आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोनदा पदरात काहीच पडलं नव्हतं. या खेपेला सासूने, शेवंतीने, ओटी भरून हिरवा चुडा भरला आणि बजावलं, बाळंत होईस्तोवर हातातनं काढशील तर बघ. नियमावर तोडगा ल्युसीनेच काढला. जुन्या उशीच्या अभ्र्याच्या पट्ट्या फाडल्या, कडा निळ्या दोऱ्याने शिवल्या, आणि रोज सकाळी ती जानकीच्या बांगड्यांवर त्या घट्ट गुंडाळून द्यायची. साहेबांनी हे पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"दाबताना कट् झालं होतं," जानकी म्हणाली. "मला वाटलं, कात्री असेल."

"मग दोन दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरलेलीस?"

जानकीने खाली पाहिलं. तिला भीती वाटली होती, दुसरं काय! नोकरी जाईल, ल्युसीबायचं नाव येईल, आणि तोंडाने बोललं की अपशकुन खराच होईल. दोन रात्री कूस बदलता बदलता तिने हेच उगाळलं होतं. पण डोळा लागला, की चौकटीवर टेकलेला हेन्रीचा हात दिसायचा.

"बसमध्ये पडला असेल कुठेतरी," ल्युसी म्हणाली. "आख्ख्या झाकणावर मी स्वतः नाणं वाजवलंय. कुठे पोकळ नाही. माझा कान अजून गेला नाही."

"नसेलही आत. पण असला तर?"

ल्युसीने डब्याचं झाकण लावलं. अर्धी भाकरी आणि बोंबील तसेच राहिले. ती उठून साहेबांना बोलावून घेऊन आली.

चंद्रप्रकाश साहेबांनी बांगडीकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला. मनुष्य वाईट नव्हता. अकरा महिने त्याने घरापेक्षा इथेच जास्त काढले होते.

"कापल्याशिवाय कळणार नाही," ते म्हणाले. "आणि कापलं, की संपलं. आत काही निघालं नाही तर? त्या लोकांना काय दाखवू मी, ही बांगडी?"

जानकीने तुकड्यांमधल्या फटीवर बोट ठेवलं.

"शंकेला काही आधार तर पाहिजे ना, जानकी. घरी जा. सोमवारी ये. आणि हे कोणाला बोलू नकोस."

साहेब वळले. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेला कागद होता: शंका आल्यास कोणीही लाल फुली मारावी, खाली नाव लिहावं. फुलीचा नग इंजिनाला लावला जाणार नाही. त्याखाली सुतळीने बांधलेली लाल पेन्सिल तीन वर्षांत कोणी वापरली नव्हती. तिचं टोकही पहिल्या दिवशीचंच होतं.

जानकीने कपाट उघडलं. झाकण दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं आणि भिंतीपाशी नेलं. ते इतकं हलकं होतं, की तिला वाईट वाटलं. सुतळी तोकडी पडत होती, म्हणून तिने झाकणच वर धरलं, भिंतीला टेकवलं आणि फुली मारली. एका हाताने झाकण सावरत खाली नाव लिहिलं, त्यामुळे 'जानकी' वाकडं आलं.

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. ओरडतील असं तिला वाटलं. ते ओरडले नाहीत.

"नियम माझाच आहे," ते म्हणाले. "करवत लावा."

झाकणाच्या बोटभर रुंद पट्ट्या निघू लागल्या. ल्युसी एकेक पट्टी उजेडात धरी, कडेवर नख फिरवी आणि टेबलावर मांडी. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. सहावी झाली, आठवी झाली. साहेब खिडकीबाहेर बघत होते. जानकीला वाटलं, आपण या लोकांची वाट लावली.

अकराव्या पट्टीवर ल्युसीचं नख थांबलं.

तिने चाकूचं टोक फटीत घातलं. थर चिकटलेलेच नव्हते. वहीची पानं सुटावीत तसे ते सुटले. आत बोटभर लांबीची पोकळी होती आणि पोकळीत एक दोरा होता. निळा.

"काच?" जानकीने विचारलं.

ल्युसीने दोरा चाकूच्या टोकावर उचलून धरला. ज्या नाण्याने तिने आख्खं झाकण वाजवलं होतं, ते तिच्या झग्याच्या खिशातच होतं. साहेब जवळ आले, त्यांनी दोरा पाहिला आणि मग जानकीच्या मनगटावरच्या पट्टीची, ल्युसीने घातलेली निळी शिवण पाहिली. उरलेल्या सगळ्या पट्ट्या बघून झाल्या. काच कुठेच नव्हती.

ल्युसीने फुली असलेला तुकडा शोधून काढला. भिंतीपाशी जाऊन जानकीच्या वाकड्या नावाखाली तिने आपलं नाव लिहिलं, सावकाश आणि पुरं, आडनावासकट.

एवढ्यात हेन्री शीळ घालत आत आला. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले.

"काय गं बाय, झकास झालं ना झाकण? सोमवारी लावू?" त्याने टेबलावरच्या पट्ट्या पाहिल्या. "आयला! कापलं कोणी?"

"सोमवारी नाही," ल्युसी म्हणाली. "दुसरं करायला लागेल."

हेन्रीने फुलीचा तुकडा उचलून वाचला. "ही जानकीची फुली. मग खाली तुझं नाव कशाला?"

ल्युसीने आपला डबा उघडला आणि उरलेली भाकरी त्याच्यासाठी बाजूला काढली.

"जा," ती म्हणाली. "हात धुऊन ये."

हेन्री नळावर गेला आणि साबण लावून दोन्ही हात चोळू लागला. तेल जाता जात नव्हतं. तो परत येईपर्यंत ल्युसी त्याच्या हातांकडेच बघत राहिली.