मंदण्णाच्या कॉफीचं कुलूप

मंदण्णाच्या आईने कोडगूहून घरच्या बागेतली कॉफीपूड पाठवली आणि या बाबाचा आम्हा सगळ्यांवरचा विश्वास उडाला. डबा ऑफिसच्या कपाटात ठेवला, कपाटाला इलेक्ट्रॉनिक कुलूप लावलं. ते कधी उघडायचं हे ठरवणार ब्लॉकचेनवरचा त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम.

"शुक्रवारपर्यंत उघडून दाखवा," तो म्हणाला. "नाही जमलं, तर हाच प्रोग्राम गिऱ्हाइकांच्या ठेवी सांभाळणार."

आमच्या बॉस चंद्रकला मॅडमनी मान डोलावली. मंदण्णा बिचारा वर्षभर याच दिवसाची वाट बघत होता.

प्रोग्राममधल्या चुका काढणं हेच माझं काम, त्यात मशीनची पाणचट कॉफी पिऊन डोकं उठलेलं. वाचून बघते तर काय, उघडणाऱ्याने मंदण्णाच्या खात्याचा पत्ता दिला की झालं. त्या खात्याची डिजिटल सही मागायचं साहेब विसरलेच. तो पत्ता तर साऱ्या जगाला दिसतो. मी दिला, कपाट उघडलं.

"नागश्री, ही सरळ चोरी आहे."

"चोरी कसली? तुझं नाव सांगितलं, तुझ्या कुलपाने आत घेतलं. अर्धा कप तूही घे."

त्याने फणफणत सही घातली, वर कुणाला उघडू द्यायचं याची नोंद ठेवणारं परवान्याचं एक वेगळं खातंही जोडलं. बुधवारी मी माझ्याच हाताने तसलंच खातं बनवलं, त्यात 'नागश्रीला उघडू द्या' असं लिहिलं आणि माझी सही केली. परवाना कुणी दिला, हे प्रोग्रामने विचारलंच नाही; कपाट पुन्हा उघडलं.

त्या रात्री तो घरी गेला नाही. गुरुवारी मी सगळे उपाय करून थकले, कुलूप ढिम्म हललं नाही. मला मनापासून बरं वाटलं.

शुक्रवारी त्याने ऐटीत कपाट उघडून मॅडमना कॉफी करून दिली. मॅडमनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अरे, ही तर कॅन्टीनची."

"डबा मी बुधवारीच बदलला," मी म्हटलं. "कुलूप आता पक्कं आहे रे. पण ते पक्कं होण्याआधी आत काय शिरलं, ते कोण बघणार?"

मॅडम म्हणाल्या, "आधीची सगळी खाती तपासा, मग सोमवारी प्रोग्राम चालू करा. त्यावर नाव मंदण्णाचंच राहील."

मी माझ्या ड्रॉवरमधून खरा डबा काढून दिला. तळाशी दोन चमचे उरले होते. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला.

"सगळ्यांना आवडली, अव्वा," आमच्याकडे रागाने बघत तो म्हणाला. "पुढच्या वेळी मोठा डबा पाठव. कपाटात नाही ठेवणार."