गाण्यातला ठोका

हाताच्या व्यायामाला बाबा जात, त्या खोलीत एक गाणं रोज वाजायचं. याला हार्डस्टाइल म्हणतात, पोरं यावर नाचतात, असं व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. छातीवर आदळणारा जाड, फाटका ठोका, मध्येच सगळं थांबून एक साधी गोड चाल, आणि ती संपते न संपते तोच पुन्हा ठोका. बाईंकडे येणारे सगळेच त्यावर खूश होते. गुडघेवाले पाय उचलत आणि बाबा ठोक्यागणिक उजव्या हातातला रबरी चेंडू दाबत. पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसमध्ये त्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या बोटांत जोर नव्हता. या गाण्यावर तो यायला लागला.

"पोरं वेडी झालीत म्हणे यावर," बाबा जेवताना लेकीला म्हणाले. "आधी वाटलं, कसली ही आदळआपट. आता ती चाल सुरू झाली की पुढच्या ठोक्यासाठी हात शिवशिवतो." त्यांनी टेबलावर ताल धरून दाखवला.

लेकीचा घास हातातच राहिला.

"काय गं, ठसका लागला?"

"ते गाणं मी केलंय, बाबा."

ती जाहिरातींना आवाज जोडायचं काम करते, एवढंच घरात ठाऊक होतं. बाबा हसले. मग तिच्याकडे नीट बघितल्यावर त्यांचं हसू विरलं.

"आणि तो ठोका तुमच्या प्रेसचा आहे. अपघाताच्या आधी मी एकदा डबा द्यायला आले होते ना, तेव्हा फोनवर रेकॉर्ड करून घेतला होता."

आई पेल्यात पाणी ओतत होती. ते टेबलावर सांडत राहिलं, तरी कुणी फडकं आणायला उठलं नाही.

"मग अपघातानंतर काढून का नाही टाकलंस?" बाबांनी विचारलं.

"तोवर सगळीकडे गेलं होतं. कुठेही वाजलं की मी उठून बाहेर जाते."

"आणि मी त्यावर मान डोलावतोय," बाबा म्हणाले आणि ताटावरून उठले.

पुढे काही दिवस ते व्यायामाला फिरकलेच नाहीत. गेले तेव्हा दुसरं गाणं लावायला सांगितलं. बोटं ढिम्म हलेनात. शेवटी त्यांनी स्वतःच तेच मागितलं. पहिल्या ठोक्याला खांद्यापर्यंत शहारा आला, चेंडू गळून पडला.

"बंद करू का?" बाईंनी विचारलं.

"नको."

घरी आल्यावर ते लेकीला म्हणाले, "नाचतात तिथे ने मला एकदा."

एका सुट्टीच्या दुपारी दोघं एका भल्यामोठ्या हॉलमध्ये भिंतीला टेकून उभे राहिले. गोड चाल सुरू झाली तसे हजारभर हात वर गेले. ठोका पडला आणि पायाखालची जमीन हादरली. लेक सवयीने दाराकडे वळली. बाबांनी तिचा दंड पकडला.

"प्रेस चालू असताना आम्ही तोंडसुद्धा उघडत नव्हतो," ते तिच्या कानाशी ओरडले. "आणि ही पोरं हसतायत गं."

"जाऊया का?"

"थांब. संपू दे."

बाहेर पडले तेव्हा दोघांच्याही कानांना दडे बसले होते. बसस्टॉपपर्यंत ती काय बोलतेय ते बाबांना नीट ऐकू येत नव्हतं. ते मान हलवत राहिले आणि ती बोलत राहिली.