डोंगरावरून धावत आलेली हाक

दारिशाची लेक दीड महिन्याची झाली तरी तिला चाल नव्हती. नाव होतं, पण नाव काय, शाळेत नि दवाखान्यात लागतं म्हणून कुणीही ठेवतं. आमच्या खासी डोंगरातल्या या गावात माणसाला खरी हाक मारायची ती चालीनं. पोर झालं की आई आपल्या काळजातून एक बिनशब्दांची चाल काढते आणि ती जन्मभर त्या एकट्याची असते. जंगलात तर नाव घ्यायचंच नाही, भुताखेतांच्या कानी पडतं. चाल मात्र बेलाशक गा, त्यांना काही कळत नाही. माणूस गेलं की त्याची चालही संपते. ती पुन्हा कुणी गात नाही.

आणि दारिशाच्या काळजातून काही निघतच नव्हतं. भर पावसाळ्यात तिची मेइ, म्हणजे आई, गेली, महिन्याभरात ही पोर आली, आणि मधल्या मधे दारिशाचा गळा जो आटला तो आटलाच. पोरीला पाजायची, न्हाऊ घालायची, पण गुणगुणणं म्हणून नाही.

"नुसतं 'ए, ए' काय करतेस?" मेइसान म्हणायची. मेइसान म्हणजे आईची थोरली बहीण, तोंडाची फटकळ. "पोर आहे ती, शेजाऱ्याची शेळी नव्हे."

दारिशाचा नवरा तेइबोर भला माणूस. त्यानं एकदा मदत म्हणून चाल सुचवून पाहिली.

"मेल्या, ही तर बाजारात मोबाइलच्या दुकानात वाजते ती!" मेइसान किंचाळली आणि सगळं अंगण पोट धरून हसलं. दारिशा तेवढी हसली नाही.

शेवटी एका सकाळी मेइसाननं पोर आपल्या पाठीला बांधली आणि टोपली दारिशाच्या हातात कोंबली.

"तमालपत्र तोडायला जा."

"मी नाही जाणार जंगलात."

"का? तिथं काय वाघ बसलाय?"

"तिथं मेइ मला हाक मारायची."

"आता नाही मारणार," मेइसान म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज काही खाली आला नाही. "जा म्हणते ना!"

दारिशा गेली. उन्हं कोवळी होती. तिनं झाडावर चढून पहिली फांदी मोडली आणि त्या वासानं तिची छाती भरून आली. किती दिवसांत तिनं असा पोटभर श्वास घेतला नव्हता. हात आपोआप चालायला लागले. आणि तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली.

तिचीच चाल. जंगलात मारायची ती लांब हाक, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत.

दारिशाच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही चाल या आवाजात गाणारं माणूस मातीत गेलं होतं. म्हणजे भूत! भुताच्या हाकेला ओ द्यायची नसते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिनं फांदीला मिठी मारली आणि डोळे नि ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा हाक आली. या खेपेला शेवटच्या सुरानंतर एक बारीकसा खोकला आला. चढण चढून आल्यावर मेइ खोकायची, तोच.

भूत कशाला खोकेल? दारिशानं डोळे उघडले.

हाताच्या अंतरावर कोतवाल पक्षी बसला होता. काळाभोर, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा. नकलाकारच तो! त्यानं आधी खारीची नक्कल केली, मग बुलबुलाची, मग गळा फुगवून मेइची, खोकल्यासकट. दर हिवाळ्यात मेइ या झाडाखाली उभी राहून दारिशाला हाका मारायची. हे काळं बेणं वर बसून ऐकत होतं, आणि सगळं जपून ठेवलं होतं त्यानं!

दारिशाला हसू फुटलं. इतकं, की सगळं झाड हलायला लागलं. मग रडू आलं, मग पुन्हा हसू. आई गेल्यापासून इतका आनंद तिला झाला नव्हता. पानांतून ऊन खाली सांडत होतं आणि ते सगळं आपलंच आहे, आपल्यासाठीच आहे, असं तिला वाटलं. हसता हसता तिच्या गळ्यातून काहीतरी निघालं. दोन सूर वर चढले, मधेच अडखळले, टुणकन उडी मारून खाली घरंगळत आले.

 तिनं ते पुन्हा गाऊन पाहिलं. पोरीची चाल!

कोतवालानं मान तिरकी केली आणि गळा फुगवला. आता हा मधेच खारीसारखं ओरडून सगळं विसरायला लावेल! दारिशा सरसर खाली उतरली आणि टोपली तिथंच टाकून पळत सुटली. तोंडानं चाल चालूच, कारण थांबली की विसरणार.

वाटेत म्हातारा बाह रेस्तार, आमचा रेस्तारदादा, केरसुणीच्या गवताचा भारा घेऊन येत होता. "काय गं, आग लागली की काय?" दारिशानं त्याला चालीतच उत्तर दिलं. ओढ्यावर काँग थ्रिनानं, म्हणजे थ्रिनाताईनं, पान-सुपारी पुढे केली. आमच्यात ती नाकारणं म्हणजे अपमान. दारिशा तिच्या तोंडावर गाऊन पुढे पळाली.

"गेली! धरलं हिला भुतानं!" थ्रिना ओरडली आणि मागे धावली. भारा टाकून रेस्तारही धावला. झाडांच्या जिवंत मुळांनी विणलेल्या पुलावर दारिशा घसरून दाणकन बसली, पण सूर सोडला नाही. मागे निम्मं गाव लागलं होतं, त्यात तेइबोरही.

अंगणात मेइसान पोरीला थोपटत होती. दारिशा गुडघ्यांवर बसली, पोरीवर वाकली, तोंड उघडलं.

काहीच नाही. चाल गेली होती.

"अगं, बोल की!" मेइसान म्हणाली. दारिशानं पुन्हा तोंड उघडून पाहिलं. सगळं जग आटल्यासारखं झालं. पुन्हा तेच, पुन्हा कोरडा गळा.

मागून धापा टाकत बाह रेस्तार आला आणि फाटक्या आवाजात त्यानं दोन सूर वर चढवले. "असंच काहीतरी कोकलत होतीस ना?"

"असं कुठं, मधे अडखळत होती ती," काँग थ्रिना म्हणाली आणि अडखळून दाखवलं.

"आणि मग उडी!" तेइबोरनं उडी मारली, भलत्याच सुरात.

"गप रे, तू नको!" चार बायका एकदम ओरडल्या आणि त्यांनी घरंगळत खाली आणून दाखवलं. बघता बघता सगळं अंगण भांडत, एकमेकांना दुरुस्त करत तीच चाल गायला लागलं. दारिशानं ती त्यांच्या तोंडून परत घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. पोरीनं डोळे उघडले आणि मान तिच्याकडे वळवली.

मग काय विचारता! दुपार कलेपर्यंत जो येईल तो पोरीला हाक मारून बघत होता. पोरीला अजून ओ देता येत नव्हती. म्हणून दर हाकेला, हसू आवरत, दारिशाच ओ देत होती.