आंब्याचा घेर

लवूने गॅलरीत उभं राहून हवेत दोन्ही हात गोल केले, झाडाला कव घालावी तसे. अंबिकाने त्या हातांभोवती टेप फिरवली.

"बाबा, हलू नका. ऐनाचं झाड. घेर एकशे चाळीस सेंटीमीटर."

संपात गिरणी बंद पडल्यावर लवू बायको-मुलीला घेऊन लालबागहून कणकवलीजवळच्या गावी गेला होता. तीन वर्षं त्याने डोंगरावरची झाडं तोडून कोळशाच्या भट्ट्या लावल्या. अंबिका जन्मली ती लालबागला परतल्यावर. आता तिची संस्था त्याच डोंगरावर मोजमाप करत होती : जंगल विरळ होत गेलं तसा किती कार्बन हवेत गेला? उभी झाडं मोजून झाली होती. तुटलेल्यांचे बुंधे कधीच कुजले होते, उपग्रहाची जुनी चित्रं धूसर होती. तिथे काय काय होतं ते सांगणारा एकच माणूस तिला सापडला होता.

लवूला एकेक झाड जागेसकट आठवत होतं. ऐन अकरा झाले, किंजळ सात.

"मगे आंबो. व्हाळाकडचो."

या वेळी हातांची बोटं एकमेकांना लागलीच नाहीत.

"ओढ्याकडचा आंबा? कोळशासाठी आंबा तोडलात?"

"कोळशाक नाय." लवूने हात खाली घेतले. "मालूक मसणात नेली तेव्हा. सुकी लाकडा सगळी भट्टीत गेलेली. ओलो आंबोच तोडूचो लागलो."

मालू म्हणजे मालन, अंबिकाची थोरली बहीण. नऊ वर्षांची असताना तापाने गेली, एवढंच घरात कधीतरी बोललं जाई.

"लय धूर झालो," लवू म्हणाला. "तो पन धरतत?"

"हिशेबात धरावा लागतो, बाबा."

"मगे धर."

तक्त्यात झाड तुटण्याची चार कारणं छापलेली होती : कोळसा, इमारती लाकूड, शेती, जळण. अंबिकाने पेन शेवटच्या शब्दापाशी नेलं, तसंच उचललं. तो रकाना कोरा ठेवून तिने फक्त झाडाचं नाव लिहिलं.

"पुढचं झाड सांगा," ती म्हणाली.

"पुढचा नाय." लवूने गॅलरीच्या कठड्याला हात टेकले. "तेच्यानंतर मी कुराड हातात धरूक नाय."