पुसून ठेवलेली हवा

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना, हवेची मोजणी करायला बाहेरून आलेल्या रेनाटा कोल्बने हार्लन डाइकहाउसच्या कॉलरला, हनुवटीच्या जरा खाली, प्लॅस्टिकची एक छोटी डबी चिमट्याने अडकवली. डबीत गाळणीचा गोल पांढरा कागद होता. तिच्यातून निघालेली नळी हार्लनच्या कमरेच्या पंपाला जोडली होती. दुपारी दोनला पाळी संपेपर्यंत त्याच्या नाकासमोरची थोडी हवा पंप ओढत राहणार होता, आणि त्या हवेतले तेल कागदावर बसणार होते.

झीलंड गावाच्या पूर्वेला गेरिट टेर हारचा कारखाना आहे. सहा यंत्रांवर व्हॉल्व्हची धातूची अंगे कातली जातात. कातताना यंत्राच्या पोटात तेलमिश्रित पाण्याची धार सुटते, तापलेल्या धातूवर आपटून तिचे बारीक धुके होते आणि दार उघडले की ते बाहेर येते. हिवाळ्यात ऊब टिकावी म्हणून छताचे पंखे बंद असतात. मग दुपारपर्यंत दिव्यांभोवती पिवळट कडी दिसायला लागतात.

हार्लन सत्तावन वर्षांचा. तिसऱ्या नंबरच्या यंत्रावर त्याची एकोणीस वर्षे गेली. त्याचा खोकला ऑक्टोबरात सुरू झाला. नाताळच्या दहा दिवसांच्या सुट्टीत खोकला गेला, आणि कामावरच्या पहिल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी परत आला. ग्रँड रॅपिड्स शहरातल्या डॉक्टरांनी फुफ्फुसाला सूज असल्याचे सांगितले. एप्रिलपर्यंत हवा सुधारली नाही तर यंत्र सोडायचे, असेही सांगितले. कारखान्यात यंत्रांच्या दालनाबाहेर दोनच जागा होत्या. एकीवर गेरिटची बहीण होती, दुसरीवर गेरिट.

गेरिट माणूस वाईट नव्हता. चर्चमध्ये तो हार्लनच्या दोन बाक पुढे बसे. प्रवचनाच्या वेळी मागून पेपरमिंटच्या गोळीचा कागद उलगडल्याचा आवाज आणि पाठोपाठ दाबलेला खोकला त्याला दर रविवारी ऐकू येई. त्याने मोजणी करून घ्यायचे कबूल केले. घनमीटर हवेत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल निघाले, तर सहाही यंत्रांवर धुके ओढून घेणारी यंत्रे बसवीन, असे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. कायद्याची मर्यादा याच्या दहापट होती. अर्धा मिलिग्रॅम हा आरोग्य संस्थेचा सल्ला होता आणि गेरिटने तोच धरला.

निकाल तेरा दिवसांनी आला. ०.२१.

तो सांगायला रेनाटा स्वतः आली. चहापाण्याच्या खोलीत गेरिट, हार्लन आणि पाळीची मुकादम अर्लीन नीनहाउस बसले होते. गेरिटने आकडा दोनदा वाचला आणि तो हार्लनकडे न बघता म्हणाला, की मग खोकल्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे. हार्लनने गोळी तोंडात टाकली.

रेनाटाने वही उघडली. त्या दिवशी तिने तीन गोष्टी टिपल्या होत्या. सहा वाजता फरशी ओली होती. छताचे पंखे चालू होते. आणि नग कातून झाल्यावरही यंत्राची दारे मिनिटभर बंद ठेवली जात होती. एरवीही असेच असते का, असे तिने विचारले.

अर्लीन म्हणाली, "बाई, तुम्ही येणार होता. घाणीत बोलवायचं होतं का तुम्हाला?"

मोजणीच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, काय झाले ते मग हळूहळू बाहेर आले. बाहेरची व्यक्ती येणार म्हणून अर्लीनने पाळी तासभर आधी थांबवली होती. टाक्यांतले जुने तेलपाणी उपसून नवे भरले. फरशी दोनदा धुतली. दारांच्या फाटक्या रबरी पट्ट्या बदलल्या. हवेच्या झोताने सुटे भाग साफ करायच्या बंदुका खुंटीवर टांगल्या, आणि दार मिनिटभर उघडायचे नाही असे सगळ्यांना बजावले. फसवायचे कोणाच्या मनात नव्हते. आमच्याकडे पास्टर यायचे असले तरी माणसे गॅरेजसुद्धा झाडतात. तिसऱ्या नंबरचे यंत्र तर हार्लनने स्वतः पुसले होते, खिडकीच्या काचेसह.

"म्हणजे तुझ्याच मोजणीवर तूच फडकं मारलंस," गेरिट म्हणाला. हसू आवरणे त्याला जमले नाही.

"दिसतंय तसंच," हार्लन म्हणाला.

गेरिटने लगेच दुसरा मुद्दा काढला. एवढ्याने आकडा खाली येत असेल तर हेच रोज करा, नवी यंत्रे कशाला? रेनाटानेही मान डोलावली. यातले प्रत्येक काम उपयोगाचेच आहे, असे ती म्हणाली. मालकासमोर, आणि तेही बाहेरच्या बाईदेखत, आपले काम रोज तसे होत नाही असे कबूल करणे हार्लनला खोकल्यापेक्षा जड होते. तो उठला, दारापर्यंत गेला आणि त्याने रोजच्या नगांचा हिशेब असलेल्या भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवले.

"गेरिट, दहा तारखेला मी किती नग काढले ते वाच."

गेरिटने वाचले. एकशे अकरा.

"आणि आदल्या मंगळवारी?"

एकशे अठ्ठेचाळीस.

"नग तीन मिनिटांचा. दार एक मिनिट बंद ठेवलं की चार. त्या दिवशी तू काही बोलला नाहीस, कारण पाहुणी होती. रोज एकशे अकरा चालतील तुला?"

गेरिटने फळ्यावरचे दोन्ही आकडे पुन्हा पाहिले आणि दुसऱ्या मोजणीला हो म्हटले. अट एकच: कोणी काही जास्त करायचे नाही, काही कमी करायचे नाही.

हे वाटले त्याहून अवघड निघाले. दुसरी मोजणी मंगळवारी, ३ मार्चला ठरली. सोमवारी दुपारी बादल्यांच्या कपाटाला कुलूप लागले होते आणि किल्ली अर्लीनच्या एप्रनच्या खिशात होती. पाचव्या यंत्रावरच्या टेड कूइमनने चिडवले, की अर्लीन चोरापासून नव्हे, स्वतःपासून कुलूप लावते आहे. ती म्हणाली, "तू तुझं यंत्र बघ, टेड. ते तसंही कधी पुसलेलं नसतं."

मंगळवारी पंप पुन्हा हार्लनच्या कमरेला लागला. पंखे बंद होते. नग झाला की हार्लनने लगेच दार उघडले, बंदुकीने झोत मारला, नग काढला, दुसरा लावला. पहिला तासभर त्याचा हात दाराशी अडखळत होता. रेनाटा समोर उभी होती आणि धुके तिच्या चष्म्यावर बसत होते. दहापर्यंत तो तिला विसरला. सव्वाअकराला मालाचा ट्रक आला आणि मागचे मोठे दार चाळीस मिनिटे उघडे राहिले. अर्लीन ते ओढून घ्यायला निघाली, पण रेनाटाने तिला थांबवले: ट्रक नेहमी येत असेल तर दारही नेहमीसारखेच राहू दे. तेवढा वेळ गार वारा थेट तिसऱ्या यंत्रापर्यंत येत होता. रेनाटाने वेळ वहीत लिहिली.

दोन वाजता फळ्यावर हार्लनच्या नावापुढे एकशे शेहेचाळीस लिहिले गेले. डबीला झाकण लागले, क्रमांक चिकटला, गेरिटने आणि हार्लनने सही केली. रेनाटाची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर अर्लीनने कपाट उघडले आणि फरशी धुवायला घेतली.

डबी बुधवारी प्रयोगशाळेत पोहोचली. डॉक्टरांकडे हार्लनची पुढची भेट दोन एप्रिलला आहे. तो अजून तिसऱ्या यंत्रावर आहे आणि दार लगेच उघडतो. शुक्रवारी, १३ मार्चला, दुपारी चारपर्यंत निकाल आलेला नव्हता.